बाजारातली जागा

आमच्या गावच्या बाजारात आता सिमेंटचे ओटे आहेत, ओट्यांवर पत्रे आहेत. त्यांचं उद्घाटन झालं त्या दिवशी कोणी साहेब माईकवर सांगत होते की आधी रस्ता आला आणि रस्त्यामागून विकास आला. मी खाली पोत्यावर बसून ऐकत होतो. उठून दोन शब्द सांगावेत असं वाटलं, पण कंटाळा आला. या वयात राग यायच्या आधी कंटाळा येतो. घरी गेलो, भाकर खाल्ली, झोपलो. ते राहून गेलेले शब्द इथं लिहितो.

रस्ता आपोआप आला नव्हता. दुष्काळात सरकारी कामावर आम्ही बायामाणसांनी खडी फोडली, मुरूम टाकला, तेव्हा तो झाला. आणि झाल्यावर त्याच्यावरून गावात काहीच आलं नाही. गावातून गेलं मात्र पुष्कळ. कोणी अकोल्याला गिरणीत गेला, कोणी मुंबईकडे गेला, कोणी कुठं गेला ते घरच्यांनाही सांगता येत नव्हतं. नुसता रस्ता असला की तो माणसं बाहेर नेतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी गावात उभं राहून पाहिलेलं आहे.

आमचं गाव रिसोडहून रिठदकडे जाताना जरा आडबाजूला लागतं. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, सगळा कारभार अकोल्याच्या नावावर चालायचा. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पुढं अकोल्याला एका मुसलमान टेलर-मास्टरकडे काज-बटण करत करत कपडा कापायला शिकलो. मास्टरनं जाताना एक जुनी हातमशीन स्वस्तात दिली. ती खांद्यावर घेऊन मी गावी आलो आणि आमच्या वस्तीत पहिला टेलर झालो. आमच्या वस्तीनं धर्म बदलला होता, गावकीची कामं सोडली होती. मेलेलं ढोर ओढायला आता कोणी बोलवत नव्हतं. पण माझ्याकडून सदरा शिवून घ्यायचा तर गावातली माणसं अंगाला टेप लावू देत नव्हती. जुना सदरा पाठवायचे, "याच्या मापाचा शिव" म्हणून. टेप माझ्या गळ्यात असायची ती शोभेला. मीही कधी म्हटलं नाही की या, माप देऊन जा. ते येणार नाहीत, तर मी कशाला बोलवू?

गावात पोट भरत नव्हतं म्हणून दर आठवड्याला मशीन खांद्यावर घेऊन रिसोडच्या बाजाराला पायी जायचो. तिथल्या जागा आजा-पणज्यापासूनच्या. किराणावाल्यांची ओळ, कापडवाल्यांची ओळ, भांडेवाल्यांची ओळ, आणि सगळ्यांच्या शेवटी नालीच्या कडेला मी. तिथूनही उठवायचे. माठ विकणारा मटकेवाला यायचा आणि म्हणायचा, "ए टेलर, सरक तिकडे." सरकलो की कोणाचा बैल यायचा. बैलाला कोणी सरक म्हणत नव्हतं. दुपारपर्यंत मशीन उचलायची, ठेवायची, उचलायची. गिऱ्हाईक एका जागी शोधायचं आणि मी दुसऱ्या जागी असायचो. मला पैशाचं दुःख एवढं नव्हतं. मला एक जागा पाहिजे होती, जिथून कोणी उठ म्हणणार नाही. बस, एवढंच.

आमच्या गावचे म्हातारे पाटील हट्टी माणूस. मीही हट्टी, म्हणून मला त्यांचा हट्ट कळायचा. एका पावसाळ्यात नाल्याला पूर राहिला, रिसोडची वाट बंद झाली आणि गावच्या दुकानातलं मीठही संपलं. पाटलांच्या घरी अळणी जेवण झालं. पूर उतरला तशी त्यांनी पारावर सगळं गाव गोळा केलं, आमच्या वस्तीलाही बोलावलं.

"मीठ रिसोडले, राकेल रिसोडले, चपलेले खिळा मारायचा तरी रिसोडले," पाटील म्हणाले. "मंग याले गाव कायले म्हनाव? आपन आपला बाजार बसवू."

"बाजार काय असा बसते?" गावातला किराणा दुकानदार म्हणाला. त्याला आपल्या दुकानाची काळजी होती.

"बसवला तर बसते."

नवा बाजार बसवायची आमच्या भागात एक रीत होती. बाहेरचा माणूस माल घेऊन येतो, त्याचा माल खपला नाही तर तो पुन्हा त्या गावाकडे तोंड करत नाही. म्हणून बाजार नवा असेतोवर संध्याकाळी जे काही उरेल ते गावानं वाटून घ्यायचं आणि त्याचे पैसे देऊन टाकायचे. घासाघीस करायची नाही. कोणाची टोपली भरलेली परत जाऊ द्यायची नाही. पाटलांनी ही रीत सांगितली आणि महादेवाची शपथ म्हणून सगळ्यांना बेल उचलायला लावला. आमच्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "पाटील, आमी बेल उचलत नाही. शब्द देतो."

पाटील "शब्द चालते," म्हणाले.

मग जागेची गोष्ट निघाली. पाटील म्हणाले, "ज्याची पथारी पहिले पडन, जागा त्याची. बापजाद्याचं काही नाही. बाजारच नवा हाय."

मी मागं उभा होतो. मोठ्यानं विचारलं, "कोनाचीबी?"

सगळे वळून पाहू लागले. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण म्हणाले, "म्हनलं ना, ज्याची पहिले पडन त्याची."

वार कोणता धरायचा यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं, रिसोडच्या बाजाराचा दुसरा दिवस. रिसोडला आलेले विक्रेते दुसऱ्या दिवशी मोकळेच असतात, तेच इकडे वळतील. सगळ्यांना ही मोठी अक्कल वाटली. मलाही वाटली.

पहिल्या बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आत मी शाळेपुढच्या निंबाखाली पोतं अंथरून मशीन मांडली. सावली चांगली, येणाऱ्याची पहिली नजर तिथंच पडणार. थोड्या वेळानं किराणा दुकानदार गाडी घेऊन आला.

"इथं माही गाडी लागनार हाय."

"तिकडे लय जागा पडली, शेटजी."

"तू तिकडे जाय ना मंग. टेलरले सावली कायले पायजे?"

"सुईत दोरा ओवाले. उन्हात सुई दिसत नाही."

"तुह्यी सुई आन तुह्यी मस्ती," तो म्हणाला आणि पाटलांना बोलावून आणलं. पाटलांनी पोत्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो नाही. "पडली त्याची पथारी," पाटील एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवशी परगावचा एक माणूस आला. त्याला माझी वस्ती माहीत नव्हती, त्याला लग्नाला घालायला सदरा पाहिजे होता. माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला. मी टेप काढली आणि छाती मोजली, खांदा मोजला, बाही मोजली. खात्री वाटली नाही, म्हणून खांदा पुन्हा मोजला. तो म्हणाला, "नवीन हाय का तुमी?" मी म्हटलं, "हो, बाजार नवीन हाय."

बाजार भरू लागला. मेथीवाल्या आल्या, मुळेवाले आले, कोहळेवाले, कांदेवाले. संध्याकाळी पाटील काठी टेकत फिरायचे आणि उरलेला माल आळी-आळीत वाटून द्यायचे. सगळ्यांत मोठा वाटा स्वतः घ्यायचे, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या ओसरीवर मुळ्यांचा ढीग लागलेला असायचा आणि सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. आमच्या वस्तीनंही शब्द पाळला. आमच्या घरी तर पोरंसोरं ताटात वांगं पाहिलं की उठून बाहेर जायची.

बायको एकदा म्हणाली, "अवो, या बाजारानं आपलं भलं होनार असन तर होऊ द्या. पन मुळे खाऊ खाऊ मराच्या आधी होऊ द्या."

मी हसलो नाही. माझी जागा त्या मुळ्यांवर उभी होती.

गावात एकच बागवाला होता. आमच्या वस्तीला लागून, नाल्याच्या कडेला त्याची विहीर आणि लहानशी बाग. माझ्याच वयाचा. त्याची बायको रोज सकाळी टोपली डोक्यावर घेऊन गावात हाका मारत फिरायची, "वांगे घ्या वं माय, चवळी घ्या." बाजार बसल्यावर मला वाटलं, सगळ्यांत जास्त भलं याचं होणार. पण तो बाजारात दोन-तीनदा बसला आणि मग दिसेनासा झाला. एकदा सदरा दुरुस्त करायला माझ्याकडे आला.

"बाजारात काऊन नाही येत बे?" मी विचारलं.

"काय करू येऊन? घरोघरी तुमच्या बाजाराचा उरलेला माल पडला हाय. माही बायको टोपली घेऊन निघते आन तशीच भरली टोपली घेऊन येते. लोक म्हन्तेत, बाई, आधीचंच सरलं नाही."

"तुमचा बाजार कायले म्हन्तो? तुहा नाही का?"

"माहा असता तर माहे वांगे खपले असते ना."

मी टाके मारत राहिलो. सदरा बगलेत फाटला होता. शिवून दिला, पण त्याचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दोरा आणि बटणं घ्यायला मी रिसोडच्या बाजारात गेलो. एका बाईजवळ एक कोहळं होतं. मोठं, पण एका बाजूला करपल्यासारखा काळा डाग, गाईच्या कानाएवढा. माझ्या बायकोला कोहळ्याची भाजी आवडते. मी भाव केला, बाई उतरली नाही, मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी आमचा बाजार भरला. संध्याकाळी वाटणी होऊन आमच्या घरी वाटा आला तेव्हा बायकोनं तो टोपल्यातून काढला. तेच कोहळं. तोच काळा डाग, आणि खालून आता मऊ झालेलं, बोट लावलं तर आत जात होतं.

मी ते कोहळं खाटेखाली ठेवलं. रात्री जेवलो नाही. मला एवढं कळलं की आम्ही अक्कल म्हणून जो वार धरला होता त्यातच सगळं चुकलं. रिसोडला जे कोणी घेत नव्हतं ते दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येत होतं. तो माल आणणाऱ्याला विकायची घाईच नव्हती. दिवसभर सावलीत बसायचं, गप्पा हाणायच्या, संध्याकाळी गाव सगळं घेणारच. आणि आमचा एकुलता एक बागवाला ताजी भाजी घेऊन घरी बसला होता.

पण दुसरंही कळत होतं. हे बोललो तर रीत बंद पडणार. रीत बंद पडली तर माणसं येणार नाहीत. माणसं आली नाहीत तर निंबाखालची जागा राहील, पण ती बाजारातली जागा राहणार नाही, नुसती झाडाखालची जागा राहील. मग पुन्हा रिसोड, पुन्हा नालीचा काठ, पुन्हा "ए टेलर, सरक."

बायकोनं विचारलं, "काय इचार करून राह्यले?"

"कोहळ्याचा."

"त्याचा काय इचार करता? फेका उकिरड्यावर."

सकाळी मी ते कोहळं खांद्यावर घेतलं, बागवाल्याला घरून उठवून सोबत घेतलं आणि पारावर गेलो. पाटील चार-दोन माणसांसोबत बसलेले होते, किराणा दुकानदारही होता. मी कोहळं पारावर ठेवलं.

"पाटील, याले वळखता का?"

"कोहळं हाय. त्यात काय वळखाचं?"

"मी वळखतो. परवा हे रिसोडले होतं. मी भाव केला, पटलं नाही, सोडून आलो. काल हे माह्या घरी आलं."

"तुह्यावर जीव जडला असन त्याचा!" एकजण म्हणाला. सगळे हसले.

"हसा," मी म्हटलं. "पन रिसोडले जे कोनी घेत नाही थे आपल्या ताटात येऊन राह्यलं. पाटील, आपन बाजार नाही बसवला. आपन रिसोडचा उकिरडा बसवला."

हसणं थांबलं. पाटलांचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळून बोल. सगळ्याईत जास्त म्या घेतलं हाय. म्या कधी तोंड वाकडं केलं?"

"नाही केलं. म्हनून तर तुमाले सांगाले आलो."

किराणा दुकानदारानं संधी साधली. "शब्द देल्ला होता ना तुमी? आता फिरता? बेल उचलला नाही तवाच समजाले पायजे होतं."

ते मला फार लागलं. अजून लागतं. मी म्हटलं, "शब्द हा होता का कोनाचा माल परत जाऊ देनार नाही. नासका माल खाऊ, असा शब्द आमी देल्ला नाही. तुमी बेल उचलला होता, तुमी किती मुळे खाल्ले शेटजी?"

बागवाला माझ्या मागं उभा होता. त्याला बोल म्हणून आणलं होतं, पण तो जमिनीकडे पाहत होता. पाटलांनीच त्याला विचारलं, "तुह्यं काय म्हननं हाय?"

"माह्यं काय पाटील," तो म्हणाला. "मी तर वांगे उपटून जवारी पेरनार हाय. गावात कोनाच्या घरात वांग्याले जागाच नाही राह्यली."

पाटील माझ्याकडे पाहून म्हणाले, "घेनं बंद केलं तर बाजार मोडन."

"मोडू द्या."

"तुह्यी जागाबी जाईन."

"जाऊ द्या," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं.

ठराव वगैरे काही झाला नाही. आमची वस्ती आणि बागवाल्याची आळी यांनी सांगून टाकलं की आम्ही आता उरलेला माल घेणार नाही, आणि बाकीच्यांना तो सगळा घेणं परवडण्यासारखं नव्हतं. पुढच्या बाजारी संध्याकाळी विक्रेते टोपल्या सारख्या करून बसले, नेहमीसारखी वाट पाहत. पाटील आले नाहीत. कोणीच आलं नाही. दिवस कलला तसा गलबला झाला. एक बाई उभी राहून ओरडली, "काय गाव हाय बाप्पा! पहिले पाव्हन्यावानी बलावलं, आन आता पान्यालेबी इचारत नाही!" तिनं मुळे तिथंच ओतले आणि रिकामी टोपली घेऊन गेली. त्या मुळ्यांवरून गाई फिरल्या.

त्याच्या पुढच्या बाजारी मी मशीन घेऊन गेलो तेव्हा मैदान रिकामं होतं. निंबाखाली पोतं टाकून बसलो. एक टोपल्या विकणारा बुरूड आला, कारण त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. एक कासारीण आली, तिच्या बांगड्या नासणाऱ्या नव्हत्या. आणि बागवाला आला, त्याची बायको डोक्यावर टोपली घेऊन. बस. शाळेतली पोरं खिडकीतून पाहून हसत होती. त्या दिवसापासून मला गावात "बाजारमोड्या" म्हणू लागले. पाटील जवळून गेले तरी मान दुसरीकडे करायचे. त्यांचा जुना सदरा माझ्याकडे मापाला यायचा तोही बंद झाला.

मी जात राहिलो. दुसरं काही जमत नव्हतं म्हणून म्हणा. रिसोडच्या नालीकडे परत जायचं नाही एवढं मनात पक्कं होतं, आणि ते धरून राहायचं तर इथंच बसणं आलं. बायको म्हणायची, "अवो, आज नका जाऊ. कोन येनार हाय?"

"मी येनार हाय," मी म्हणायचो.

ते दिवस फार लांबले. पाऊस असला की निंब गळायचा, मी मशीनवर पोत्याची घोंगशी टाकून तिच्याशेजारी भिजत बसायचो. उन्हाळ्यात धूळ उडायची. कधीकधी दिवसभरात एक चड्डी, एखादी फाटकी पिशवी. खांद्यावर मशीन नेऊन आणून माझा उजवा खांदा तेव्हाच खाली गेला तो कायमचा. कोट घातला की आजही एका बाजूनं लोंबतो. मी कोट शिवणारा, आणि माझ्याच अंगावर कोट नीट बसत नाही.

बागवाला एकदा म्हणाला, "लेका, आपन दोघंच बसलो. याले बाजार म्हन्तेत का?"

"दोघं बसले तर बाजार," मी म्हटलं. "एक बसला तर येडा. तू उठू नको."

तो उठला नाही. त्याची भाजी सकाळची तोडलेली असायची, पानांवर दव असायचं. गावात आता उरलेला माल नव्हता, म्हणून बाया येऊन त्याच्याकडून घेऊ लागल्या. मग बाजूच्या तांड्यावरच्या बाया आल्या. त्यांना रिसोड लांब पडायचं आणि ताजं मिळायचं नाही. त्या आल्या की पोरांच्या चड्ड्या माझ्याकडे आणायच्या, जाताना कासारणीकडे हात पुढे करायच्या. आमच्या वस्तीतल्या बायांनी मिरची वाळवून, कुटून आणली. आधी नुसती कुजबूज, की आमच्या हातचं तिखट गाव घेईल का? पहिल्या दिवशी तांड्यानं घेतलं. गाव बघत राहिलं. मग गावातली एक म्हातारी, पदर सावरत, इकडे तिकडे पाहून, पावशेर घेऊन गेली. पुढच्या वेळी तिनं इकडे तिकडे पाहिलं नाही.

असंच होत गेलं, एकदम काही झालं नाही. दुसऱ्या गावचा एक बागवाला आला, तो संध्याकाळी वाट पाहत बसला नाही, भाव उतरवून सगळं खपवून गेला. लोहार विळे घेऊन बसू लागला. कोणीतरी भट्टी लावून चहा-भज्याचं हॉटेल टाकलं, कोणी चक्की बसवली, कारण बाया आल्या की ज्वारी दळूनही नेतात. एसटी आधी गावाच्या बाहेरून तशीच निघून जायची. बाजाराच्या दिवशी टोपल्यांची रांग हात करून उभी राहू लागली तेव्हा ती थांबायला लागली, आधी बाजाराच्या दिवशी, मग रोज. किराणा दुकानदारानंही शेवटी गाडी आणली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात लावली. सावलीवरून त्याला टोचलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेवढी ताकद उरली नव्हती. साहेबांनी माईकवर सांगितलं तेव्हा यातलं काही त्यांना माहीत नसणार. त्यांना रस्ता दिसला, कारण ते रस्त्यानं आले.

एका बाजारी दुपारी पाटील आले. काठी टेकत, हळूहळू. मला वाटलं, पुढं निघून जातील, पण ते निंबाखाली थांबले. बगलेत कापड होतं. शेजारी बागवाला टमाटे रचत होता, त्याचे हात थांबले.

"सदरा शिवाचा हाय," पाटील म्हणाले.

"द्या. जुना सदरा आनला का मापाले?"

"जुन्याच्या मापाचा आता होत नाही. वाळलो मी," ते म्हणाले. मग काठी झाडाला टेकवली आणि दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभे राहिले. भरबाजारात. "घे माप."

मी टेप काढली. छाती मोजली, खरंच खूप वाळले होते. खांदा मोजला, पाठ मोजली. जाताजाता बाया पाहत होत्या. पाटील समोर बघत उभे होते, हात खाली केले नाहीत. मी म्हटलं, "झालं पाटील." त्यांनी हात खाली केले, काठी घेतली, मैदानभर नजर फिरवली.

"भरते आता," ते म्हणाले.

"भरते."

एवढंच बोलले. उकिरड्याचं नाही, कोहळ्याचं नाही. मीही काढलं नाही. सदरा मन लावून शिवला. तो त्यांनी पुष्कळ घातला, तो अंगावर असतानाच ते वारले.

आता मी शिवत नाही. डोळ्यांनी सुई दिसत नाही आणि पोरांना तयार कपडे आवडतात. निंब वादळात पडला, त्याच्या जागी ओटा आला. मला ओटा देऊ केला होता, पण ओट्यावर चढायला गुडघे चालत नाहीत, आणि माझी जागा जमिनीवर होती. दर बाजारी मी ओट्याच्या पायथ्याशी पोतं टाकून बसतो. बागवाल्याची सून मला चहा देते. बागवाला गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.

मागच्या बाजारी एक नवा विक्रेता आला, प्लास्टिकच्या बादल्यांचा ढीग घेऊन. मला म्हणाला, "बाबा, तुमी तर काही विकत नाही. जागा खाली करता का?"

मी त्याच्या बादल्यांकडे पाहिलं. चांगल्या रंगीत होत्या. त्याला बायको-लेकरं असतील, तोही कुठून तरी ओझं घेऊन आला होता.

मी पोत्यासकट थोडा सरकलो. उठलो नाही.